मेणवलीची गाव-फेरी: घंटा फुकटात बघा, पैसे द्यायचे ते गल्लीचे

चार स्टार दिलेत. खरं तर साडेतीन द्यायचे होते पण अर्ध्याची सोय नाही, म्हणून उरलेला अर्धा आजींच्या नावानं वाढवला. आजी कोण ते पुढे येईलच. रिव्ह्यू लांबलाय, घाई असेल त्यांनी डायरेक्ट खाली शेवटचं वाचा आणि फोन लावा.

आम्ही साताऱ्याचे, गोडोलीत राहतो, म्हणजे मेणवली आम्हाला काही नवीन नाही. शाळेची सहल मेणवलीला, लग्नानंतर पहिलं फिरणं मेणवलीला, आणि पाहुणे आले की ठरलेला रूट, वाईला ढोल्या गणपती, तिथून तीन किलोमीटरवर मेणवलीचा वाडा, घाटावर फोटो, मग पसरणी घाट चढून पाचगणी आणि संध्याकाळी मॅप्रोला गर्दीत उभं राहायचं. यात मेणवलीच्या वाट्याला किती वेळ येतो, तर चाळीस मिनिटं. मी आयुष्यात दहा-बारा वेळा तरी गेलो असेन पण वाडा आणि घाट सोडून गावात पाऊल टाकलं नव्हतं, गाव म्हणजे गाडी लावायची जागा.

या वेळी भाचा आला होता इंग्लंडहून. लेस्टरला असतो, सहा वर्षं झाली. त्याला म्हणलं चल मेणवली दाखवतो, तर म्हणाला मामा वाडा बघितलाय मी, गाव दाखव. आता गाव काय दाखवायचं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलेलं आठवलं, मेणवलीतलं एक नवरा-बायको घरगुती स्वरूपात गाव-फेरी करतात, सकाळी चहा-पोहे, तीन तास फिरवणं, दुपारचं जेवण. मोठ्यांना ६५०, बारा वर्षांखाली ३५०. आम्ही पाच जण, मी, बायको, आई, सहावीतली मुलगी आणि भाचा, झाले २९५०, निम्मे आधी जीपे. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि घरगुती माणसांचा धंदा आहे, कशाला. गावात विचारलं तर कोणीही घर दाखवेल.

आधी तक्रारी उरकतो.

नऊ वाजता या म्हणाले, आम्ही पाचवड फाट्यावरून आत वळून नऊला दहा कमी असताना हजर, आणि फिरवणारे दादा उगवले नऊ पस्तीसला. सकाळी उसाची ट्रॉली भरत होती म्हणे. ठीक आहे, शेतकरी माणूस, पण मग साडेनऊची वेळ द्या ना. गाडी लावायला जागा नाही, गल्लीत लावली तर दोनदा काढायला लागली, एकदा ट्रॅक्टरसाठी आणि एकदा त्याच ट्रॅक्टरला परत जायचं होतं म्हणून. वाड्याचं तिकीट पॅकेजमध्ये धरलेलं नाही हे तिथं गेल्यावर कळलं. रक्कम किरकोळ आहे, वाडा खाजगी आहे, त्यांनी तिकीट घेतलंच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण फॉरवर्डमध्ये मोठ्या अक्षरात ‘वाडा दर्शन’ लिहिलंय त्याचं काय. आणि जेवण एकचं सांगून सव्वादोनला. आईला साखरेची गोळी असते, तिला मधे चिक्कीवर काढावं लागलं.

आता फेरी. पहिला तास दादांचं भाषण पाठ आहे, एकदम एसटीच्या अनाउन्समेंटसारखं. नाना फडणवीस, पेशवाईतले साडेतीन शहाणे, त्यातले अर्धे शहाणे नाना कारण ते तलवार चालवत नसत, सहा चौकांचा वाडा, भिंतीवरची चित्रं, नानांचा पलंग, आणि मग ‘स्वदेस’च्या शूटिंगला शाहरुख खान कुठल्या पायरीवर बसला होता. शाहरुखच्या पायरीला दहा मिनिटं आणि चित्रांना दोन, हे मला पटलं नाही. चित्रं खरंच बघण्यासारखी आहेत, दोनशे वर्षांहून जुने रंग आहेत, हात लावू नका एवढं तरी दादांनी सांगायला हवं होतं, आमच्या पुढच्या ग्रुपमधला एक जण टेकून सेल्फी काढत होता.

पण एक सांगतो, दादा माणूस प्रामाणिक. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ ती मोठी घंटा आहे ना, तिथं ते म्हणाले ही घंटा नानांनी वसईहून जिंकून आणली. आमच्या मुलीनं घंटेवरचं १७०७ वाचलं, मेरी आणि बाळ येशू पण तिनंच शोधून दाखवले, आणि मग विचारलं वसई कधी जिंकली. दादा म्हणाले १७३९, चिमाजी अप्पांनी. आणि नाना कधी जन्मले? आता हे मला माहिती होतं कारण नानांचा जन्म आमच्या साताऱ्यातला, १७४२. पोरगी म्हणाली मग जन्मायच्या आधी तीन वर्षं कशी जिंकली? दादा एक मिनिट गप्प, मग इतके हसले की घाटावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. म्हणाले ताई, चौदा वर्षं मी हेच सांगतोय, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या कोणी आपलंच खरं केलं असतं. चिमाजी अप्पांच्या त्या वसईच्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा कुठं कुठं गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, त्यातली एक पुढं कधीतरी इथं आली, एवढंच दादांनी आता सांगायचं ठरवलंय.

भाच्यानं तिथं एक मजेशीर सांगितलं. तिकडं चर्चच्या मनोऱ्यात सहा-आठ घंटा असतात आणि गावातली माणसं एकेक दोर धरून उभी राहतात, गाणं-बिणं काही वाजवत नाहीत, नुसते नंबर. एक दोन तीन चार, मग दोन एक चार तीन, असं क्रम बदलत तासंतास, घंटा अख्खी गरगर फिरते. लोहार, शिक्षक, पबवाला सगळे त्यात. आई म्हणाली म्हणजे आपलं भजनी मंडळच की. भाचा म्हणाला आज्जी भजनात निदान सूर असतो.

इथपर्यंत माझं मत होतं की पैसे गेले. कारण वाडा, घाट, घंटा हे सगळं कोणीही आपलं आपण बघून येऊ शकतं, त्याला ६५० रुपये कशाला. भाच्यानं मग वाड्यातून निघताना सरळ विचारलं, दादा, नाना गेल्यावर इथं कोण राहिलं? गावाचं काय झालं? दादांचं भाषण १८०० सालाला संपतं, १३ मार्चला नाना वारले, मराठ्यांचं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं, टाळ्या. पुढचं नाही.

पुढचं खरं तर जास्त इंटरेस्टिंग आहे आणि साताऱ्यात वाढल्यामुळं मला थोडंफार माहितीय. नानांच्या मागं त्यांची शेवटची बायको जिऊबाई, तेव्हा अगदी पोर. दुसऱ्या बाजीरावानं नानांची मालमत्ता घशात घातली, नानांच्याच माणसानं, धोंडोपंत नित्सुऱ्यांनी तिला लोहगडावर सांभाळलं, मग १८०४ मध्ये इंग्रज मधे पडले आणि ती पनवेलला गेली, वर्षाला बारा हजारांचा तनखा मिळाला, आणि मेणवली परत मिळायला तर आणखी किती वर्षं गेली. म्हणजे ज्या वाड्यात आपण शाहरुखची पायरी शोधतो त्या वाड्यासाठी एक बाई अर्धं आयुष्य वाट बघत होती. तिचं नाव आख्ख्या फेरीत नाही. दादा, हे वाचत असाल तर घाला. आणि नानांचे कागद, ते मेणवली दप्तर, मोडीतले गठ्ठेच्या गठ्ठे, ते आमच्या साताऱ्याच्या इतिहास-संशोधक द. ब. पारसनीसांच्या हाती लागले म्हणून वाचले आणि पुढं त्यांच्या संग्रहाबरोबर पुण्याला डेक्कन कॉलेजात गेले. वाडा इथं, कागद तिथं.

पण भाच्याचा प्रश्न गावाबद्दल होता, वाड्याबद्दल नाही. दादांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले थांबा, आईला बोलवतो.

इथून पुढं पाच स्टार.

आजी, दादांची आई, वय विचारलं तर म्हणाल्या कोयनेच्या भूकंपात माझं पहिलं पोर पाळण्यात होतं, म्हणजे १९६७, तुम्हीच हिशोब करा. नऊवारी, हातात काठी पण टेकवत नाहीत, दाखवायला वापरतात. या बाईंनी आम्हाला दीड तास गल्लीत फिरवलं आणि एकाही वाड्याचं नाव घेतलं नाही.

सुरुवात केली पारापासून. मग मारुती, चावडी कुठं होती ती जागा, तालीम. प्रत्येक घरापुढं थांबून कोणाचं घर, हे आधी काय करायचे, पोरं कुठं असतात. हे सुताराचं, सुगीला खळ्यावर येऊन बलुतं घेऊन जायचे, औताची दुरुस्ती वर्षभर फुकट. हे कुंभाराचं, आता वाईला मोबाईलचं दुकान. हे न्हाव्याचं, ह्याच्या आजोबानं माझ्या नवऱ्याची पहिली दाढी केली आणि शेवटची पण. आणि मग काठी वर करून, हे घर बंद, हे बंद, हे बंद, हे गणपतीत उघडतं. बंद घरं मोजत गेलो, माझी मोजदाद बावीसला चुकली.

बंद का, तर मुंबई. हे वाई-जावळी-पाटण पट्ट्यातल्या सगळ्यांनाच माहितीय, घरटी एक माणूस मुंबईला, कोणी गिरणीत, कोणी माथाडीत, कोणी डॉकला. गावकीची एक खोली असायची परळ-लालबागकडं, दहा बाय बाराच्या खोलीत वीस जण पाळ्या लावून झोपायचे, डबा खानावळीचा, आणि बायकापोरं गावाकडं. आजींचे मालक पण तसेच, वर्षातून दोनदा यायचे, यात्रेला आणि गणपतीला. ८२ च्या संपात परत आले ते कायमचे. आजी म्हणाल्या, संप झाला तेव्हा कळलं माझ्या नवऱ्याला रात्री घोरायची सवय आहे, लग्नाला अठरा वर्षं झाली होती. बायको आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

जमिनीचं पण त्यांनी एका वाक्यात सांगितलं. हे गाव इनामाचं, १७६८ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी आणि रघुनाथ घनश्याम मंत्र्यांनी मिळून नानांना दिलं असं वाचलंय मी, तर आजींना विचारलं की मग तुम्ही कोणाची कुळं? म्हणाल्या, सासरा सांगायचा, सत्तावन साली कागद हातात आला तेव्हा त्यानं आधी बांधावर जाऊन लघवी केली, म्हणला आता माझा बांध. कुळकायदा, १ एप्रिल १९५७, कृषक दिन, आम्ही शाळेत एक मार्काला पाठ केलेला. हे असं कोण शिकवतं. पोरगी हसून हसून लाल झाली आणि आईनं पदर तोंडाला लावला.

भाचा इथं एकदम खुलला. तो सांगायला लागला की लेस्टरपासून वीस मिनिटांवर एक गाव आहे, चाळीसेक घरं, एक चर्च, एक पब, बाकी मेंढरं, तो रविवारी सायकलवर जातो तिकडं. चर्चला कुलूप नसतं. दारात टेबल, त्यावर गावाच्या इतिहासाचं दोन पानी पत्रक, शेजारी भिंतीत फट असलेला लोखंडी डबा, पाऊंडभर टाका आणि पत्रक न्या, बघायला कोणी बसलेलं नाही. पत्रकात राजे-महाराजे नाहीत, तर ही खिडकी कुठल्या विधवेनं दिली, घंटा कधी ओतली, आठशे वर्षांत पाद्री कोण कोण होऊन गेले त्याची यादी भिंतीवर. त्यांच्याकडं १०८६ साली विल्यम राजानं जवळजवळ अख्ख्या देशाची मोजदाद करून घेतली, कुठल्या गावात किती नांगर, किती गिरण्या, किती डुकरं, आणि अजून गावं मिरवतात की आमचं नाव त्या वहीत आहे. आणि १५३८ पासून पाद्र्याला हुकूम, गावातलं प्रत्येक बारसं, लग्न, मयत लिहायचं. त्यामुळं आज कुठलाही ऐरागैरा उठतो आणि आपला खापरखापरपणजोबा शोधतो.

मला जरा लागलं ते. म्हणजे त्यांनी लिहून ठेवलं आणि आपण काय फक्त शाहरुख? तर आजी म्हणाल्या, आमचा हेळवी येतो की.

हेळवी! मी विसरलोच होतो. आमच्या आजोळी कोरेगावकडं पण यायचा. पूर्वी बैलावर बसून, आता येतो मोटरसायकलवर, पण वही तीच, लाल कापडात गुंडाळलेली. ओट्यावर बसणार, धान्य-पैसे घेणार आणि घडाघडा तुमच्या घराण्याची नावं म्हणणार, मूळ गाव कुठलं, कोण कुठून उठून आला, कोणाला किती पोरं, आणि नवीन जन्मलेल्यांची नावं तिथंच लिहून घेणार. आजी म्हणाल्या दोन वर्षांमागं आला होता, माझ्या नातीचं नाव लिहितोस का म्हणलं तर नको म्हणाला, पोरींची लिहीत नाही. मग मी पण जोंधळं दिलं नाही. मग? मग लिहिलं की, जातोय कुठं.

भाच्यानं हे मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, आजींना विचारून. म्हणाला मामा तिकडं पाद्री दप्तर घेऊन एका जागी बसतो आणि माणसं त्याच्याकडं जातात, आपलं दप्तरच दारात येतं.

दगडांवरून पण विषय निघाला. तिकडं बहुतेक गावांत चौकात किंवा चर्चच्या आवारात एक दगड असतो, पहिल्या महायुद्धात त्या गावची जी पोरं गेली त्यांची नावं, चाळीस घरांच्या गावात सात-आठ नावं, त्यातली तीन एकाच आडनावाची. आणि ज्या गावातली सगळी पोरं जिवंत परत आली त्यांना वेगळं नावच आहे, थँकफुल व्हिलेज, सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये मिळून पन्नासेक निघतात. मी म्हणलं आपल्याकडं अपशिंगे मिलिटरी आहे, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ जण कामी आले, इंग्रजांनी तिथं स्मारक केलं. भाच्याला माहिती नव्हतं. साताऱ्याचं पोरगं, सैनिक स्कूलच्या भिंतीला लागून घर, आणि त्याला लेस्टरशेजारच्या खेड्यातली नावं माहिती, अपशिंग्याची नाही. मी त्याला बोललो नाही काही, कारण मी तरी मेणवलीच्या गल्लीत कधी गेलो होतो.

जाता जाता आजींनी हळदीच्या शेताकडं नेलं, वाईची हळद नावाजलेली. पाला वाळत आलेला, महिन्याभरात काढणी, मग काहिलीत शिजवणार आणि वाळत घालणार, त्या दिवसांत गावात येणारा वास वेगळाच म्हणाल्या. तिथून नदी दिसते. वर धोम धरण झाल्यापासून नदीचा स्वभाव बदलला असं त्यांचं म्हणणं, पूर्वी कृष्णाबाई मनानं यायची-जायची, आता फोन करून येते, म्हणजे पाणी सोडायच्या आधी दवंडीसारखी सूचना येते ती. बायका धुणं त्या हिशोबानं काढतात.

सिनेमाचं विचारलं पोरीनं शेवटी, तिला राहवेना. आजी म्हणाल्या हां, लय दिवस होते, घाट रोज झाडायचे, तेवढं बरं झालं. शाहरुख दिसला का? दिसला, बारीक आहे.

आता जेवण. उशिरा आलं पण आलं तेव्हा सगळे गप्प झाले, यावरून समजा. बाजरीची भाकरी चुलीवरची, पावट्याची आमटी, आणि पावटा म्हणजे कडक उन्हाळ्यात फ्रीजमधला नव्हे, शेतातला, थंडीतला. वांग्याचं भरीत, त्यावर कच्च्या कांद्याची पात, खरड्याला शेंगदाण्याचं तेल, घरचं लोणी, ताक. आईनं दीड भाकरी खाल्ली, घरी अर्धीवर उठते. आणि या सगळ्याच्या मधोमध एका वाटीत पनीर बटर मसाला. मी वहिनींना विचारलं, हे का वहिनी? तर म्हणाल्या पुण्याची माणसं नाराज होतात, रिव्ह्यूमध्ये लिहितात की भाजी एकच होती. आता हा पण रिव्ह्यूच आहे तर मी लिहितो, वहिनी, पनीर बंद करा. त्या पनीरपायीच जेवायला सव्वादोन झाले, गॅस एक आणि चूल एक. त्याऐवजी पिठलं टाका, दहा मिनिटांत होतं.

पाण्याच्या बाटलीचे वेगळे तीस रुपये लावले, ते मला आवडलं नाही, माठ ठेवा सरळ. बाथरूम स्वच्छ, कमोड आहे, आईसाठी ते महत्त्वाचं होतं. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि धरायला काही नाही, गुडघेवाल्यांनी वरच बसावं, वरून घाटाची चंद्रकोर उलट जास्त छान दिसते. रविवारी जाऊ नका, प्री-वेडिंगवाल्यांनी घाट व्यापलेला असतो, आम्ही गेलो त्या दिवशी तीन जोडपी आणि एक ड्रोन, मेणेश्वराच्या दारात धुराच्या नळकांड्या सोडत होते, गुलाबी. पुजारी काही बोलत नाही, बोलून बोलून थकला असेल.

पैशाचं म्हणाल तर हिशोब असा आहे. दादांचा वाडा-घाटाचा तास मला विचाराल तर फुकट दिला तरी चालेल, तुम्ही स्वतः तिकीट काढून निवांत बघा, पाटी वाचा, चित्रांसमोर थोडं जास्त थांबा. जेवणाचे ३०० वाजवी आहेत, वाईच्या हॉटेलात एवढ्यात पनीर आणि दोन रोट्या येतात. उरलेले ३५० आजींचे, आणि त्याला मी ७०० पण दिले असते. अडचण अशी की फॉरवर्डमध्ये आजी नाहीतच! त्यात नाना आहेत, शाहरुख आहे, ‘ऑथेंटिक व्हिलेज एक्स्पीरियन्स’ असं देवनागरीत लिहिलेलं आहे, आजी नाहीत. दादांना निघताना म्हणलं, तर ते म्हणाले साहेब, आईचं ऐकायला कोण पैसे देणार, ती तर दिवसभर बोलतच असते. आजी ओट्यावरून म्हणाल्या, ऐकू येतंय मला.

निघायला पाच वाजले. पाचगणी राहिली, मॅप्रो राहिलं, पोरगी फुगली होती पण वहिनींनी ओल्या हळदीचं लोणचं बांधून दिलं त्यात विसरली. आई आणि आजी तर सुटेनात, माहेर कुठलं, तुमच्या भावकीत ते हे कोण, अमक्याची थोरली कुठं दिली, असं करत करत अर्ध्या तासात नातं निघालंच, आजींच्या धाकट्या बहिणीची नणंद आईच्या माहेरच्या आळीत दिलेली आहे. म्हणजे आम्ही पाहुणे निघालो. मग चहा परत झाला, आणि बाटल्यांचे दीडशे रुपये आजींनी दादांना परत द्यायला लावले, ते मी घेतले नाहीत, म्हणजे घेतले पण पोरीच्या हातानं आजींच्याच हातात दिले.

तर फोन करा, आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर उचलतात, दिवसा शेतात रेंज नसते. साडेनऊच्या आत पोचायची घाई करू नका, साखरेवाल्यांनी खिशात काहीतरी ठेवा, पनीर नको म्हणून आधीच सांगा. आणि पैसे टाकायच्या आधी एकच विचारा, आजी घरी आहेत का. लेकीकडं बावधनला गेल्या असतील तर पुढच्या आठवड्यात जा.